ताईमहाराज प्रकरण आणि आरोपीचा बचाव

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. ज्याला स्वतः दावा लावावयाचा आहे त्याच्यापुरती ती खरी आहे. परंतु ज्याच्यावर दुसऱ्याने फिर्याद केली, त्याला पायरी चढावी की न चढावी हे ठरविण्याची मुभा उरत नाही. त्याला चढावेच लागते. आणि चढताना आपला बचाव कसा करावयाचा याचे ज्ञान नसेल तर त्याचा शहाणपणा फुकट जातो. दिवाणी दाव्यात मनुष्याची जिंदगी पणास लागते, तर चोरी, अपहार, फसवणूक, खोटी साक्ष यांसारख्या फौजदारी आरोपांत त्याची अब्रू पणास लागते. जिंदगी पुन्हा मिळविता येते. गेलेली अब्रू परत आणणे महाकठीण.

आपल्या ज्ञातीत नोकरदार, दुकानदार व जमीनजुमला बाळगून असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. वाटणी, दत्तक, मृत्युपत्र, भागीदारी, पतपेढीचा हिशेब यांतून वाद उत्पन्न होतात, आणि वाद मिटेनासा झाला की कोणीतरी फौजदारीचे शस्त्र उपसतो. हे आजचेच आहे असे मात्र नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्यात असाच एक खटला घडला आणि त्यात सापडलेला आरोपी सामान्य मनुष्य नसून प्रत्यक्ष लोकमान्य टिळक होते. ताईमहाराज प्रकरण या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्याचा इतिहास राजकारणासाठी पुष्कळांनी वाचला असेल. प्रस्तुत लेखात तो आरोपीच्या बचावाच्या दृष्टीने पाहावयाचा आहे.

पूर्वीची पद्धती

इंग्रजी अंमलापूर्वी आपल्याकडे न्याय होत नसे असे नाही. गावचे पाटील, कुलकर्णी, परगण्याचे देशमुख, देशपांडे आणि ज्ञातीचे वडीलधारे एकत्र बसून गोतसभा भरवीत, साक्षी घेत, आणि निकालाचा महजर लिहून त्यावर निशाण्या करीत. साक्षीपुराव्याने निर्णय लागेना तेव्हा दिव्याचा आश्रय केला जाई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने बाहेर काढावयाचा, हातावर पिशवी बांधून मोहर करावयाची, आणि नेमल्या दिवशी ती सोडून हात भाजला आहे की नाही हे पाहावयाचे. हात शुद्ध निघाला तर मनुष्य खरा, भाजला तर खोटा. ज्याने चोरी केली नाही त्याचाही हात तेलाने भाजतोच, हा साधा विचार त्या श्रद्धेच्या काळात मागे पडे. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण उगाच पडलेली नाही.

सन १८१८मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर १८२७ साली मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनचे कायदे आले; आणि १८६० साली संमत झालेली भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. या संहितेने चोरीची व्याख्या नेमकी केली. वस्तू जंगम असली पाहिजे, ती दुसऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे, त्याच्या संमतीवाचून ती हलविलेली असली पाहिजे, आणि हलविणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असला पाहिजे. यांतील एक अंग जरी सिद्ध झाले नाही तरी ती चोरी होत नाही. आपलीच वस्तू आहे अशा प्रामाणिक समजुतीने उचलली तर हेतूचे अंग उरत नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, कलमांचे आकडे बदलले, तरी व्याख्येचा हा गाभा तोच आहे. बचावाचे पहिले तत्त्व यातून निघते: आरोपाचे प्रत्येक अंग फिर्यादी पक्षाने सिद्ध करावयाचे असते, आरोपीने तेलात हात घालून आपली शुद्धता दाखवावयाची नसते.

बाबामहाराजांचे मृत्युपत्र

पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज हे ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीच्या विकाराने वारले. टिळक त्यांचे स्नेही. राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात तीन दिवसांपूर्वीच, म्हणजे ४ ऑगस्ट रोजी, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडले होते. स्वतःच्या डोक्यावर एवढे मोठे संकट असतानाही मरणोन्मुख मित्राची विनंती त्यांना अव्हेरता आली नाही. मृत्युपत्रान्वये टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर, नागपूरकर इत्यादी मंडळी विश्वस्त नेमली गेली. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास, अथवा होऊन न वाचल्यास, विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा व तो सज्ञान होईपर्यंत विश्वस्तांनी कारभार पाहावा अशी व्यवस्था होती. १८९८च्या प्रारंभी मुलगा झाला, परंतु तो अल्पावधीतच वारला.

इस्टेटीवर कर्ज होते. ते फेडावयाचे तर खर्चाला आळा घालणे प्राप्त होते. आणि ज्या हातांत पैसा असतो त्यांनी तो आवळला की कुरबूर सुरू होते, हा सर्व विश्वस्तांचा अनुभव आहे. येथे ताईमहाराजांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. त्या अगदी अल्पवयीन विधवा होत्या. घर त्यांचे, पण कारभार परक्या पुरुषांचा, आणि दत्तक कोणता घ्यावा हेही त्यांनीच ठरवावयाचे. अशा स्थितीत एका तरुण स्त्रीच्या मनात संशय निर्माण झाला, अथवा कोणी तो निर्माण करून दिला, तर त्यात नवल नाही.

जून १९०१च्या अखेरीस विश्वस्त व ताईमहाराज औरंगाबादेकडे गेले आणि तेथील भाऊबंदांच्या शाखेतील जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. पुण्यास परतल्यावर मात्र वारे फिरले. २९ जुलै १९०१ रोजी ताईमहाराजांनी, विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द व्हावे असा अर्ज पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांच्यापुढे केला. आणि १९ ऑगस्ट रोजी कोल्हापूरकडील बाळामहाराज यांना दत्तक घेतले. एका घराला दोन दत्तक झाले. औरंगाबादचे दत्तविधान खरोखर झाले की नाही, हा वस्तुतः निव्वळ दिवाणी प्रश्न होता.

फौजदारीचे शस्त्र

परंतु तो दिवाणी राहिला नाही. अ‍ॅस्टनसाहेबांपुढे टिळकांची साक्ष व उलटतपासणी अनेक दिवस चालली. ३ एप्रिल १९०२ रोजी त्यांनी प्रोबेट रद्द केले आणि तेवढ्यावर न थांबता टिळकांवर फौजदारी खटला चालविण्यासाठी प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे पाठविले. विश्वस्त नागपूरकर यांच्याविरुद्ध अपहाराची खोटी फिर्याद केली, औरंगाबादच्या प्रवासाच्या हिशेबात मागाहून फेरफार करून खोटा पुरावा तयार केला, बनावट दस्तऐवजाचा उपयोग केला, शपथेवर खोटी साक्ष दिली, अशा स्वरूपाचे ते आरोप होते. यांत मारहाण नाही, दरोडा नाही. सर्व आरोप कागदाचे आणि शब्दाचे. पण सार्वजनिक कार्यकर्त्याला राजद्रोहाच्या शिक्षेने जी हानी होत नाही ती अशा आरोपाने होते. राजद्रोहात तुरुंगात गेलेल्याला लोक हार घालतात; विधवेची इस्टेट लुबाडण्यासाठी खोटी शपथ घेणारा ठरला तर त्याला कोण दारात उभा करील?

विशेष न्यायाधीश म्हणून नेमलेल्या क्लेमंट्स मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालला. २४ ऑगस्ट १९०३ रोजी खोट्या साक्षीच्या आरोपावर टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी आणि १००० रुपये दंड अशी शिक्षा झाली. सेशन्स जज्ज ल्यूकस यांच्याकडे अपील केले. जानेवारी १९०४ मध्ये त्यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली, परंतु दोष कायम ठेवला, आणि टिळकांना थोडे दिवस तुरुंगात काढावे लागले. दोन न्यायाधीशांनी खोटारडा ठरविलेला मनुष्य येथे खचला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता.

टिळक उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स व न्यायमूर्ती बॅटी यांनी मार्च १९०४ मध्ये शिक्षा रद्द करून टिळकांना निर्दोष सोडले आणि दंडाची रक्कम परत देण्याचा हुकूम केला. उरलेले आरोप सरकारने काढून घेतले.

फौजदारी संपली, तरी दत्तकाचा दिवाणी वाद पुढे चालूच राहिला. १९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथचे दत्तविधान ग्राह्य धरले. १९१० साली मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांनी तो निकाल फिरविला आणि टिळकांच्या साक्षीवर पुन्हा अविश्वास दाखविला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपर्यंत प्रकरण गेले आणि मार्च १९१५ मध्ये लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या निकालाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द होऊन पुण्याच्या न्यायालयाचा निर्णय कायम झाला. १९०१च्या जुलैत सुरू झालेल्या वादाचा शेवट व्हावयास जवळजवळ चौदा वर्षे लागली.

या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालात कायद्याचे एक मोठे तत्त्व आहे. एखाद्या साक्षीदाराला खोटा ठरवावयाचे असेल, तर ज्या गोष्टीवरून तो खोटा म्हणावयाचा ती गोष्ट आणि तो कागद उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवला पाहिजे व खुलासा करण्याची संधी त्याला दिली पाहिजे. पाठीमागे कागद चाळून प्रतिष्ठित माणसांना कटवाले ठरविणे हा न्याय नव्हे. एका घरच्या दत्तकातून निघालेले हे तत्त्व आजही आपल्या देशातील न्यायालयांत आधार म्हणून सांगितले जाते. टिळकांनी आपली अब्रू राखली ती राखताना पुढच्या असंख्य अनाम साक्षीदारांची व आरोपींचीही सोय करून ठेवली.

यातील बोध

पहिला बोध कागदाचा. प्रवासखर्चाच्या हिशेबातील मागाहूनच्या दुरुस्त्या हा एका आरोपाचा पाया झाला होता. ज्याच्याकडे दुसऱ्याचा पैसा आहे, मग तो विश्वस्त असो, संस्थेचा खजिनदार असो की वाटणी न झालेल्या घराचा कर्ता असो, त्याने हिशेब त्या दिवशीच लिहावा. चूक झाली तर खाडाखोड न करता ती दिसेल अशी ठेवून शेजारी तारीख व सही करून दुरुस्ती करावी. स्मरण फिरते, साक्षीदार फिरतात, कागद फिरत नाही.

दुसरा बोध फिर्यादीविषयी. टिळकांनी नागपूरकरांविरुद्ध अपहाराची फिर्याद केली होती; तीच खोटी असल्याचा आरोप उलटून त्यांच्यावर आला. घरच्या वाटणीच्या किंवा भागीदारीच्या भांडणात 'पोलिसांत देतो' हे शब्द सहज तोंडी येतात. दिवाणी स्वरूपाच्या वादात दबाव आणण्यासाठी फौजदारीचा उपयोग करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० व २००६ सालच्या निकालांत स्पष्ट बजावले आहे. उलट, आपल्यावर कोणी अशी फिर्याद केली असेल तर ती रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग मोकळा असतो, हेही जाणून असावे.

तिसरा बोध अपिलाचा. क्लेमंट्स व ल्यूकस यांच्या निकालांवर प्रकरण थांबले असते, तर टिळक इतिहासात खोट्या शपथेचे गुन्हेगार म्हणून राहिले असते. अपिलाला मुदत असते. निकालाची प्रत ताबडतोब मागावी, ती मिळाल्याची तारीख टिपून ठेवावी.

चौथा बोध धैर्याचा. टिळकांचा 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ १९०३ साली, म्हणजे हा खटला ऐन भरात असताना, प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी तुरुंगाची शिक्षा फर्मावली गेली. खटला चालू असताना नित्याचे काम न सोडणे हाही बचावाचाच एक भाग आहे.

गरिबाचा बचाव

येथे कोणी म्हणेल, टिळक स्वतः एल्‌एल्. बी., त्यांना मित्रांचा व वकिलांचा आधार, त्यांना लंडनपर्यंत जाता आले. पाचशे रुपयांच्या चोरीचा आळ आलेल्या मोलकरणीने काय करावे? आक्षेप रास्त आहे. सुदैवाने त्याचे उत्तरही गेल्या पाऊणशे वर्षांत घडत आले आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या २२व्या अनुच्छेदाने, अटक झालेल्या प्रत्येकास आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले जाण्याचा हक्क दिला. २०व्या अनुच्छेदाने कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हा नियम १८७२च्या पुरावा कायद्यापासून चालत आला असून नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरते त्याचे सांगणे मात्र पुराव्यात येते. म्हणून भीतीने अथवा 'लवकर सुटाल' या आश्वासनाने भलत्यासलत्या गोष्टी कबूल करू नयेत आणि न वाचता कोणत्याही कागदावर सही अगर अंगठा करू नये.

परंतु वकिलाचा हक्क असून वकिलाची फी नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. या बाबतीत महाराष्ट्रातूनच निघालेला होस्कोट खटला महत्त्वाचा आहे. विद्यापीठाच्या खोट्या पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा तो आरोप होता. उच्च न्यायालयाने शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. परंतु निकालाची प्रत आरोपीच्या हाती वेळेवर पडली नाही आणि सर्वोच्च न्यायालयात जावयास त्याला काही वर्षांचा उशीर झाला. ऑगस्ट १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला; दोष ढळढळीत होता. तथापि त्याच निकालात त्यांनी सांगितले की, तुरुंगातील कैद्यास निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि वकील देण्याची ऐपत नसेल त्याला सरकारने वकील दिला पाहिजे. दोषी मनुष्याच्या प्रकरणातून निर्दोषांच्या उपयोगाचे तत्त्व निघाले, ही न्यायाची थोरवी होय.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील दुःस्थिती उजेडात आली. दोषी ठरले असते तर जी कमाल शिक्षा झाली असती तिच्याहूनही अधिक काळ कित्येक माणसे नुसत्या आरोपावर कोठडीत खितपत पडली होती. १९८६ साली सुखदास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मोफत वकिलाचा हक्क आहे हे आरोपीस न सांगता चालविलेला खटला टिकत नाही. १९८७ साली विधिसेवा प्राधिकरणाचा कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. आज जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधिसेवा प्राधिकरण व तालुक्याच्या ठिकाणी समिती आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे वकील मिळतो. नव्या न्याय संहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या वस्तूची चोरी प्रथमच करणाऱ्याने ती वस्तू किंवा तिची किंमत परत दिल्यास त्याला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे.

ज्ञातीचे कर्तव्य

कायद्याने एवढे केले. आपण काय करतो? आमच्या ओळखीच्या एका तरुणावर तो जेथे कारकून होता तेथील शिलकेत तूट आल्यावरून अपहाराचा आळ आला. खटला चार वर्षे चालला. शेवटी रक्कम दुसऱ्याच खात्यावर जमा झालेली निघाली आणि तो निर्दोष सुटला. त्या चार वर्षांत त्याच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले, आणि हळदीकुंकवाची बोलावणी त्याच्या आईला येईनाशी झाली. न्यायालयाने त्याला एक दिवसही शिक्षा केली नाही; जी शिक्षा झाली ती आपण सर्वांनी केली.

पूर्वी ज्ञाती ही न्यायासनावर बसत असे. तो अधिकार आता तिच्याकडे नाही, आणि नसावा हेच योग्य. आळ आलेल्या कुटुंबाला वाळीत टाकणे हाच महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आला आहे. परंतु न्याय देण्याचा अधिकार गेला तरी आधार देण्याचे कर्तव्य गेलेले नाही. मंडळाने ज्ञातीतील वकील बंधुभगिनींची यादी करावी. जामीनदार मिळत नसेल तेथे दोन सद्गृहस्थांनी उभे राहावे. विधिसेवा प्राधिकरणाचा अर्ज कोठे व कसा करावयाचा हे सांगणारा एक मनुष्य नेमावा. आणि एवढेही जमले नाही, तर निदान निकाल लागेपर्यंत आरोपीच्या घरी जाणेयेणे सोडू नये.

ताईमहाराज प्रकरणात दोन न्यायाधीशांनी टिळकांना खोटे ठरविले होते, तरी त्यांचे स्नेही त्यांच्या पाठीशी राहिले. जो मनुष्य आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो उद्या निर्दोष ठरू शकतो, एवढी जागा प्रत्येकाने आपल्या मनात राखून ठेवावी. दोष सिद्ध झाला तर कायदा आपले काम करील. तोपर्यंत तो आपला ज्ञातिबंधूच आहे.